खिडकीतलं झाड

महोदय,

यजमान अंथरुणाला खिळले, त्याला सात महिने झाले. सुरुवातीला मी देवाशी भांडतच होते. रोज हात जोडायचे आणि त्याच हातांनी जाब विचारायचा! उत्तर आलं नाही. भांडण मात्र हळूहळू बोलण्यात बदललं. आता दिवा लावून पाच मिनिटं नुसती बसते, काही मागत नाही. त्या पाच मिनिटांवर दिवस निभावतो.

खिडकीबाहेर एक झाड आहे. नाव मला आजही ठाऊक नाही. त्यावर कावळ्यांनी घरटं बांधलं, वादळात ते पडलं, आणि दुसऱ्या दिवशी जोडी पुन्हा काड्या आणू लागली. काड्यांत एक तारही होती. कुणाशी न बोलणारे यजमान त्या दिवशी म्हणाले, “तार कशी बसवतो बघ.”

अमेरिकी संशोधक रॉजर उलरिच यांनी १९८४ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांची पाहणी मांडली होती. खिडकीतून झाडं दिसणारे रुग्ण, समोर विटांची भिंत असलेल्यांपेक्षा लवकर घरी गेले. तीव्र वेदनाशामकंही त्यांना कमी लागली. प्रार्थनेचं असं मोजमाप माझ्यापाशी नाही, आणि मला ते नकोही आहे.

पण आम्ही महिनाभर ज्या रुग्णालयात होतो, तिथल्या काचांवर अपारदर्शक कागद चिकटवलेला होता. रुग्णालयांनी निदान एवढं करावं: तो कागद काढावा आणि खाटेचं तोंड खिडकीकडे करावं.

– एक वाचक