वाळूत टेकलेली बोटही तपासा

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला कोकण किनाऱ्यावरच्या शिडाच्या बोटींविषयीचा लेख वाचला. हौशी माणसं पुन्हा शिडं लावून समुद्रात जाऊ लागली, याचा मला मनापासून आनंद आहे. पण लेखात एक वाक्य होतं की खाली जड कील (बुडाखाली बसवलेला वजनदार पर) असल्यामुळे या बोटी उलटत नाहीत. कील जागेवर आहे तोवर हे बहुतांशी खरं. ती जागेवर कशाने राहते, याबद्दल एक अक्षरही नव्हतं. म्हणून हे पत्र.

मी भाट्याला ३१ वर्षं फायबरच्या होड्यांची दुरुस्ती करतो आहे. त्याआधी वडिलांच्या हाताखाली लाकडावर शिकलो. ते मिऱ्याला मचवे बांधायचे. मचव्याची पठाण म्हणजे त्याचा कणा. सगळ्यात आधी ती मांडायची, नारळ फोडायचा आणि मग तिच्यावर मचवा उभा करायचा. तोलासाठी नीरम म्हणून दगड भरायचे ते पोटात. कणा सलग आणि वजन आत. आताच्या शिडाच्या बोटीचं तसं नाही. पोट फायबरचं आणि त्याच्या खाली माशाच्या परासारखी लोखंडाची किंवा शिशाची कील, आठ-दहा बोल्टांवर टांगलेली.

त्या बोल्टांवर काय येतं याचा साधा हिशेब सांगतो. समजा कील ७०० किलोची आहे आणि तिच्या वजनाचा मध्य बुडाच्या खाली ६० सेंटिमीटरवर आहे. वाऱ्याच्या झोताने बोट पूर्ण आडवी झाली, डोलकाठी पाण्याला लागली, की कील बाजूला आडवी धरल्यासारखी होते. ६० सेंटिमीटरच्या त्या तरफेला वर सांध्यात बोल्टाची पकड मिळते जेमतेम १२ सेंटिमीटरची. म्हणजे वरच्या बाजूच्या बोल्टांच्या रांगेवर ओढ येते ३५०० किलोची, कीलच्या वजनाच्या पाचपट. आणि हे बोट स्थिर धरून. लाटेचे हिसके त्यात धरलेले नाहीत.

या सांध्यासाठी जगात लिहिलेला नियम आहे. आयएसओ १२२१५ या मानकाचा नववा भाग २०१२ साली आला. २४ मीटरपर्यंतच्या शिडाच्या बोटींची कील, सुकाणू आणि त्यांचे जोड यांसाठी तो आहे. माझा पुतण्या इंजिनिअरिंगला होता तेव्हा त्याने तो मिळवला आणि आम्ही दोघांनी चार रात्री बसून वाचला. त्यात कीलवर येणारे प्रसंग वेगवेगळे धरले आहेत. बोट ९० अंशांत आडवी पडली तर काय, कीलवर उभी आदळली तर काय, चालता चालता कीलचं टोक पुढून खडकावर बसलं तर काय. प्रत्येक प्रसंगात बोल्ट, बुडाचा फायबर आणि आतल्या आडव्या फासळ्या तग धरतील का, हे आकड्यांत दाखवावं लागतं. मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला तो शेवटचा प्रसंग. कीलचं टोक अडकतं आणि बोट पुढे जायला बघते. मग सांध्याची पुढची बाजू खाली खेचली जाते आणि मागची बाजू पहारीसारखी बुडात वर घुसते. त्यामुळे बोट तळाला लागली असेल तर मी पहिल्यांदा बॅटरी मारतो ती शेवटच्या बोल्टाच्या मागे. तडा असला तर तिथे असतो.

पण हा नियम नव्या बोटीच्या नकाशासाठी आहे. वीस वर्षं वापरलेली, तीन मालक बघितलेली बोट आज कशी आहे, हे तो सांगत नाही. आपल्या किनाऱ्यावर मला दिसतात त्यांतल्या बहुतेक बोटी अशाच वापरलेल्या आहेत.

तीन वर्षांपूर्वी वैशाखात एक ३२ फुटी बोट रंगाला आली. मालकांनी ती नुकतीच विकत घेतली होती. सर्वेक्षणाचा कागद सोबत होता आणि त्यावर कीलपुढे ‘समाधानकारक’ लिहिलं होतं. मला मात्र सांध्यातून गंजाचा एक ओघळ दिसला, बोटभर लांबीचा. मालकांना विचारलं, कधी लागली होती का? म्हणाले, “तशी नाही हो, खाडीच्या तोंडाला वाळूत जरा टेकली होती, पुढच्या भरतीला सुटली.” मी बोट पट्ट्यांवर उचलून घेतली, तर कील लोंबकळल्यावर सांध पुढच्या बाजूला उघडली. नखाएवढी. आत फासळ्यांवर हातोडी वाजवत गेलो. दोन ठिकाणी खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज आला. तिथे फासळी बुडापासून सुटलेली होती. मग बोल्ट काढले. २० मिलिमीटरच्या आठ स्टेनलेस बोल्टांपैकी दोन मधोमध १२ मिलिमीटरवर आले होते. व्यास एवढा गेला की ताकद एक तृतीयांशाच्या जवळपास उरते. नटाच्या वर ते चांदीसारखे चकचकीत होते.

स्टेनलेस गंजत नाही, असं लोक धरून चालतात. स्टेनलेसला टिकवणारा पातळ थर हवेतल्या प्राणवायूवर जगतो. बोल्ट ओल्या, बंद सांध्यात अडकला की तो थर मोडतो आणि नेमका तिथेच गंज पोखरत जातो, बाहेरून काही न दिसता. सांध्यात पाणी शिरू नये म्हणून भरलेलं सीलंट फाटून पाणी आत गेलं की सुरुवात झाली. आणि सीलंट फाडायला वाळूतलं ते ‘जरा टेकणं’ पुरतं.

याची किंमत मोजून झालेली आहे. मे २०१४ मध्ये ‘चीकी राफिकी’ ही ४० फुटी बोट अँटिग्वाहून इंग्लंडला परतत असताना भर अटलांटिकमध्ये तिची कील निखळली आणि चौघे खलाशी गेले. ब्रिटनच्या सागरी अपघात तपास विभागाने अहवालात लिहिलं की ती बोट आधी अनेकदा तळाला लागली होती, दुरुस्त्या झाल्या होत्या आणि या सगळ्याने जोड कमजोर झाला असावा. हलकं लागणंसुद्धा न दिसणारं मोठं नुकसान करू शकतं, असंही त्यात आहे. दूरच्या समुद्री शर्यतींसाठी जागतिक सेलिंग संघटनेचा नियम आता असा आहे की २४ महिन्यांच्या आतली तपासणी हवी, आणि बोट तळाला लागली असेल तर त्यानंतरची.

आपल्याकडे तर तळाला लागण्याचीच जागा. प्रत्येक खाडीच्या तोंडाला वाळूचा दांडा, तो दर पावसाळ्यात सरकतो, आणि बाहेर खडपं. ओहोटीचा अंदाज चुकला की अनुभवी तांडेलाचीही होडी बसते. मच्छीमार होडीला त्याचं काही नाही, ती बसायलाच बांधलेली असते. कील टांगलेली बोट बसली की तिचं सगळं वजन त्या सांध्यावर येतं.

महाराष्ट्र सागरी मंडळाला माझी विनंती आहे की कीलच्या बोटीच्या तपासणीत ‘शेवटची कधी लागली, त्यानंतर कोणी पाहिली’ एवढं विचारलंच जावं आणि दर काही वर्षांनी निदान दोन बोल्ट प्रत्यक्ष काढून बघावेत. नुसता नट बघून सही नको. मानकातला आपल्या कामाचा भाग मराठीत एका पानावर मिळाला तर माझ्यासारख्या कारागिरांनाही तो भिंतीला लावता येईल. खर्चाची ओरड होईल हे मला माहीत आहे. त्या ३२ फुटीच्या मालकांनीही आधी कपाळाला हात लावला होता. पण पावसात बोटी शाकारून किनाऱ्यावरच असतात. जूनपासून नारळी पौर्णिमेपर्यंत कामाला भरपूर वेळ मिळतो.

ते दोन बोल्ट मी टाकलेले नाहीत. कारखान्यात दाराजवळच्या फळीवर आहेत. ज्यांना हातात घेऊन बघायचे असतील त्यांनी केव्हाही यावं.

आपला,
एक होडी-दुरुस्ती कारागीर
भाट्ये, रत्नागिरी