शिक्षणमंत्र्यांना खुलं पत्र: भुतांवर धडा ठेवा, पण उत्तर आधी देऊ नका

माननीय शिक्षणमंत्री,
सप्रेम नमस्कार.

‘भुतं नसतात, ही अंधश्रद्धा आहे’ एवढं सांगून शाळेत विषय मिटवला जातो, मुलं पेपरात तेच लिहितात आणि रात्री अंधारात जायला घाबरतात ती घाबरतातच.

कॉलेजात असताना पहाटे मला जाग आली तर अंग हलेना, आवाज फुटेना आणि छातीवर कोणीतरी बसलंय हे अगदी स्पष्ट जाणवत होतं. कित्येक वर्षं मी ते भूतच समजलो, सांगितलं की लोक हसायचे म्हणून सांगणंच बंद केलं. खूप नंतर कळलं की ह्याला स्लीप पॅरालिसिस म्हणतात, स्वप्नं पडतात त्या झोपेत मेंदू स्नायू ढिले करून ठेवतो आणि कधीकधी जाग आधी येते, अंग मागाहून मोकळं होतं. म्हणजे अनुभव खराच होता हो, मी लावलेला अर्थ चुकला होता.

१९२१ साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात एका घराची हकीकत छापून आली होती, पावलं वाजायची, अनोळखी माणसं दिसायची, डोकी दुखायची, झाडंही मरगळलेली. निघालं काय, तर घर गरम ठेवायची भट्टी बिघडलेली आणि घरात कार्बन मोनॉक्साइड हा भास घडवू शकणारा विषारी वायू पसरत होता. भूत आहे म्हणणाऱ्याने भट्टी तपासली नसती, पण ‘भास आहेत, झोपा’ म्हणणाऱ्याने तरी कुठे तपासली असती?

१८५३ मध्ये लोक टेबलावर हात ठेवून बसायचे, टेबल फिरायचं आणि आत्मे फिरवतात म्हणायचे. मायकेल फॅरडे या इंग्रज शास्त्रज्ञाने कोणालाच खोटारडं ठरवलं नाही. त्याने हातांखाली सरकणारी फळी ठेवली आणि ती सरकली की लगेच दिसेल असा काटा लावला. हातच नकळत ढकलत होते, आणि बसलेल्यांना काटा दिसायला लागला की टेबल हलायचं थांबलं!

असंच काहीतरी वर्गात करू द्या ना. दोऱ्याला अंगठी बांधून धरायची, हलेल असं मनात आणायचं, ती हलते, मग डोळे मिटून परत करायचं आणि बाकीच्यांनी बघायचं. खर्च शून्य, दोन तास पुरतील. आणि शिक्षकांना एवढं नक्की सांगा, कुठलं पोर ‘मला दिसलं’ म्हणालं तर हसू नका, कधी, कुठे, झोपेतून उठल्यावर का, अजून कोणाला दिसलं, हे त्याच्यासोबत बसून लिहून काढा.

आपला,
एक पालक