नोकरी लागली, त्याची सविस्तर हकीकत

ती. बाबा आणि ती. आई,
शि. सा. नमस्कार.

रविवारी फोनवर ‘नोकरी लागली’ एवढंच सांगून झालं आणि उरलेला वेळ बाबांच्या ‘काय? परत बोल’ मध्ये गेला. म्हणून लिहून पाठवते आहे. दादाला मोठ्या अक्षरात प्रिंट काढायला सांगितलंय. आई, तू वाचून दाखवू नकोस, बाबांना स्वतः वाचू दे. तू तुला नको असलेला मजकूर गाळतेस.

आधी मुद्द्याचं. कॅलिफोर्नियात आम्ही राहतो त्या ट्रेसी गावापासून गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर स्टॉक्टन आहे. तिथल्या एका स्किल्ड नर्सिंग आणि रिहॅब सेंटरमध्ये मी रजिस्टर्ड नर्स, म्हणजे आरएन, म्हणून लागले. दुपारी तीन ते रात्री साडेअकरा. हे हॉस्पिटल नाही, आणि वृद्धाश्रम तर नाहीच, तेव्हा आत्याला तसं सांगू नका. खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालेली, अर्धांगाचा झटका येऊन गेलेली, जखम भरायची राहिलेली माणसं हॉस्पिटलमधून सुटली तरी लगेच घरी जाण्याजोगी नसतात, ती इथे येतात. चालायला शिकतात, शिरेतून अँटिबायोटिक घेतात, मग घरी जातात. मेडिकेअर म्हणून म्हाताऱ्यांचा सरकारी विमा आहे, तो अशा मुक्कामाचे जास्तीत जास्त १०० दिवस धरतो. पहिल्या २० दिवसांचा खर्च पूर्ण मिळतो, पुढे रोज काही रक्कम पेशंटला भरावी लागते. त्यामुळे विसावा दिवस जवळ आला की नातेवाईक एकदम ‘आता बऱ्या दिसतायत की’ म्हणायला लागतात. माणसं सगळीकडे सारखीच.

आता बाबांचा प्रश्न. ‘दोन वर्षांच्या डिग्रीवर घेतलं का?’ हा प्रश्न तुम्ही विचारताना जितका जपून विचारता, तितका मला जास्त ऐकू येतो. तर ऐका. इथे नर्स व्हायचे दोन रस्ते आहेत. एक चार वर्षांचा, आपल्याकडच्या बीएस्सी नर्सिंगसारखा, त्याला बीएसएन म्हणतात. दुसरा कम्युनिटी कॉलेजचा, असोसिएट डिग्रीचा. म्हणायला दोन वर्षं, पण त्याआधी अ‍ॅनाटॉमी, मायक्रोबायोलॉजी वगैरे विषय पुरे करावे लागतात, तेव्हा कुठे प्रवेश. आपल्याकडच्या जीएनएम डिप्लोमाच्या जवळ जाणारं धरा. पण शेवटी लायसन्सची परीक्षा दोघांना एकच. एनक्लेक्स. कॉम्प्युटरसमोर पाच तासांची मुदत, कमीत कमी ८५ प्रश्न, जास्तीत जास्त १५०. तुमची उत्तरं पाहून पुढचा प्रश्न सोपा की अवघड ते मशीन ठरवतं आणि त्याला खात्री पटली की मध्येच बंद पडतं. त्यावर उत्तर देणारा कुठल्या कॉलेजचा, हे त्याला ठाऊक नसतं. पास झाल्यावर नावापुढे लागणारी अक्षरं तीच.

मग टेक्सासमध्ये पास होऊन इतका वेळ का लागला? आई, तू देवाला बोललीस ते दादाने सांगितलं मला.

पहिली अडचण लायसन्सची. टेक्सासचं लायसन्स चाळीसच्या वर राज्यांत चालतं, त्यांचा आपसात करार आहे. कॅलिफोर्निया त्यात नाही. ह्यांची बदली नेमकी इथे झाली. म्हणजे परत अर्ज, परत फी, परत बोटांचे ठसे, टेक्सासकडून पडताळणी, आणि मग वाट बघणं. हे सगळं सरळ होतं, फक्त वेळखाऊ.

खरी अडचण दुसरीच होती. इथल्या हॉस्पिटलांत नव्या नर्सला सरळ वॉर्डात घेत नाहीत. ‘न्यू ग्रॅड रेसिडेन्सी’ म्हणून नव्या नर्सेसना शिकवून घेणाऱ्या तुकड्या निघतात, वर्षातून दोन-तीनदा, अर्जाची खिडकी कधी कधी आठवडाभरच उघडी. त्यात बे एरियातल्या, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या, मोठ्या हॉस्पिटलांत बऱ्याच ठिकाणी चार वर्षांची डिग्री हवी असं स्पष्ट लिहिलेलं. २०१० साली इथल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने शिफारस केली होती की २०२० पर्यंत ८० टक्के नर्सेस चार वर्षांची डिग्री असलेल्या असाव्यात, तेव्हापासून मोठी हॉस्पिटलं तिकडे झुकली आहेत. शिवाय पगार चांगला, आणि हॉस्पिटलमध्ये एका नर्सकडे किती पेशंट द्यायचे याचा कायदा, साध्या वॉर्डात पाचाच्या वर नाही. त्यामुळे सगळ्या देशातून नर्सेस इथे यायला बघतात. एका जागेला किती अर्ज येत असतील याची कल्पना करा.

पण मी नीट बघितलं तेव्हा लक्षात आलं की इथल्याच कम्युनिटी कॉलेजातून पास झालेल्या मुलींना नोकऱ्या लागत होत्या. डिग्री माझीच, वयाने माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, अनुभव तितकाच, म्हणजे शून्य. फरक एवढाच की शेवटच्या सहामाहीत त्या ज्या वॉर्डात शिकल्या, तिथल्या मॅनेजरने त्यांना काम करताना पाहिलं होतं. मला ज्यांनी पाहिलं होतं ते सगळे टेक्सासमध्ये डॅलसजवळ राहिले. बाबा, तुम्ही म्हणालात ना, ‘तिकडेही वशिला लागतो का?’ वशिला नाही हो, पण ओळख लागते. चेहरा माहीत असावा लागतो. डिग्रीपेक्षा गाव बदलल्याने मी मागे पडले, हे कळल्यावर निम्मं दुखणं गेलं आणि अर्ज पाठवायची पद्धतच बदलली. बे एरियाचा नाद सोडला. आतल्या भागात, स्टॉक्टन, मोडेस्टो, मर्सेड, जिथे नर्सेस टिकत नाहीत म्हणून ओरड आहे, तिकडे वळले. फ्लूच्या लसीकरण शिबिरात फुकट उभी राहिले. टेक्सासमध्ये वॉर्डात मला शिकवणाऱ्या नर्सकडून, म्हणजे माझ्या प्रिसेप्टरकडून, नुसतं ‘हुशार, मेहनती’ असं नाही, तर कुठल्या प्रसंगी काय केलं ते लिहिलेलं शिफारसपत्र मागवलं.

याआधी एका ठिकाणी ‘उद्यापासून या’ म्हणाले होते, ते तुम्हाला सांगितलं नव्हतं. शिकवणार तीन दिवस, आणि चौथ्या दिवसापासून रात्रपाळीची सुपरवायझर मी! नव्या लायसन्सवर अख्खी इमारत. साइन-ऑन बोनसही होता, दोन वर्षं टिकलात तर. मी नाही म्हणाले. घरी दोन दिवस अबोला झाला त्यावरून, पण ह्यांनाही नंतर पटलं. आताच्या जागी मुलाखतीत मीच आधी विचारलं: माझ्याबरोबर कोण असेल, किती आठवडे, आणि माझ्या पाळीला दुसरी अनुभवी आरएन इमारतीत असेल का? डायरेक्टर बाई हसल्या आणि वहीत लिहून दाखवलं.

मैत्रिणी म्हणतात, अशा ठिकाणी गेलीस की तिथेच अडकशील, हॉस्पिटल परत विचारणार नाही. मला तसं वाटत नाही. बहुतेक रेसिडेन्सींची अट ‘अ‍ॅक्यूट केअर’चा, म्हणजे हॉस्पिटलातल्या कामाचा, अनुभव वर्षापेक्षा कमी असावा अशी असते, आणि इथला अनुभव त्यात सहसा धरत नाहीत. म्हणजे दार उघडंच राहतं. वर्षभराने ऑनलाइन बीएसएन सुरू करणार आहे, नोकरी सांभाळून होतं. पण ते हॉस्पिटलसाठीच करायचं असं काही डोक्यात नाही.

कारण काम मला आवडतंय. संध्याकाळी जेवणाआधी सगळ्यांची साखर तपासायची, इन्सुलिन द्यायचं, मग औषधांची गाडी घेऊन खोली खोली फिरायचं. ज्यांना गोळी गिळता येत नाही त्यांची गोळी छोट्या पिशवीत घालून चिरडायची आणि सफरचंदाच्या गरात कालवून चमच्याने भरवायची. पण प्रत्येक गोळी चिरडता येत नाही. जी हळूहळू विरघळायला बनवलेली असते ती चिरडली तर दिवसभराचा डोस एकदम अंगात जातो. पहिल्या आठवड्यात मी यादी खिशात ठेवून फिरत होते.

पेशंटचं नाव-गाव सांगता येत नाही, कायदा आहे. एवढं सांगते की स्टॉक्टनमध्ये १९१२ सालचा गुरुद्वारा आहे, अमेरिकेतला सगळ्यात जुना, त्यामुळे पंजाबी म्हातारी माणसं या भागात पुष्कळ. त्यातल्या एक आजी कुणाच्याच हातून गोळी घेईनात. थुंकून टाकायच्या. मी माझ्या मोडक्या हिंदीत विचारलं तर कळलं, सफरचंदाचा गर त्यांना आंबट लागायचा, दह्यातून द्या म्हणत होत्या. इतके दिवस चार्टवर ‘औषधाला नकार’ लिहिलं जात होतं. कुठलं औषध दह्यातून चालतं ते फार्मासिस्टला विचारून घेतलं, आणि आता घेतात. एम.कॉम. होऊन हेच करायचं होतं का, असं आत्याने विचारलं तर हे सांगा. नाही पटलं तर सोडून द्या.

घरून निघाल्यावर पश्चिमेकडे आल्टामाँटच्या डोंगरावर पवनचक्क्या दिसतात, थेट आपल्या वनकुसवड्याच्या पठारासारख्या. हे सकाळी अंधारात त्याच डोंगरातून आगगाडीने सॅन होजेला जातात. आम्ही दोघं आठवड्यातून चार दिवस एकमेकांना चिठ्ठ्याच लिहितो. पिल्लू तेवढे दिवस शेजारच्या गुजराती काकूंकडे असतं, खाऊन-पिऊन मजेत.

फोनची वेळ आता बदला. मी घरी पोचते तेव्हा तुमच्याकडे दुपारचे साडेबारा वाजलेले असतात, जेवायला बसायच्या आधी लावत जा. थंडीत इथली घड्याळं मागे घेतात, मग दीड.

आणि बाबा, व्हिडिओवर तुमचे घोटे सुजलेले दिसले. तुमच्या बीपीच्या गोळीत अम्लोडिपिन आहे, त्याने पाय सुजू शकतात. म्हणून ती स्वतःच्या मनाने बंद करू नका, पण डॉक्टरांना दाखवा, या आठवड्यात. धाप लागत असेल किंवा दोन-तीन दिवसांत वजन वाढलं असेल तर तेही सांगा, लपवू नका. आई, वजनकाटा पलंगाखाली आहे. रोज सकाळी चहाच्या आधी बाबांना त्यावर उभं कर आणि कॅलेंडरवर आकडा लिहून फोटो पाठव.

दादा-वहिनींना नमस्कार, मुलांना गोड पापा.

तुमची,
ताई