मोहाखालच्या मावशी, तुमचं पोतं माझ्याकडंच राहिलं

रामराम मावशी,

हे पत्र तुमच्यापर्यंत कसं पोचेल मला माहीत नाही. तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, गाव कोणतं ते नातवानं सांगितलं होतं पण तेव्हा डोकं ठिकाणावर नव्हतं, आणि त्याचा मोबाईल नंबर घेतला तो असा घेतला की आता लावला की वर्ध्याचे कोणी काका उचलतात, तीनदा झालं, चौथ्यांदा लय चिडले. म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहून राहिलो. रामटेककडचं कोणी वाचत असेल तर भाऊ, मावशीला मोठ्यानं वाचून दाखवा. खूण सांगतो: मार्चच्या शेवटच्या रविवारी टेकडीखाली मोहफुलं वेचत होत्या, हिरवं लुगडं, हातावर गोंदण, सोबत बारा-तेरा वर्षांचा नातू आणि एक शेळी, जिला त्या दर दोन मिनिटाला 'मर न बाई तिकडं' म्हणत होत्या.

तुम्हाला आम्ही आठवत असणारच. नागपूरचे पाच जण, पाठीवर बॅगा, पायात महागाचे बूट. मी, माझा भाचा, ऑफिसातले दोन दोस्त आणि त्यातल्या एकाची बायको, जिला आम्ही सगळे वहिनी म्हणतो. महिन्या-दोन महिन्यातून एक रविवार आम्ही असे शहर सोडून कुठंतरी चढतो, अंधारात निघायचं आणि दुपारच्या आत खाली, कारण आपल्याकडं मार्च संपता संपता दुपारी टेकडीवर राहणं म्हणजे तव्यावर बसणं. रामटेक बरं पडतं, कामठी, कन्हान, मनसर करत पन्नासेक किलोमीटर, रस्त्यात तर्री पोहे हाणायचे, झालं. गडमंदिर सगळ्यांचं पाहून झालेलं. लहानपणी आईनं मला तिथल्या वराहाच्या मूर्तीखालून सरपटत काढलं होतं, पापी माणूस अडकतो म्हणतात, मी तेव्हा सुटलो. आता गेलो तर अडकीन असं वाटते, आणि ते पोटामुळं नाही, तुमचं ऐकलं नाही त्यामुळं.

कारण तुम्ही सांगितलं होतं. हेच मला सगळ्यात जास्त खुपते.

साडेसहा वाजले असतील. पायऱ्यांची गर्दी नको म्हणून आम्ही मागच्या आडवाटेनं आलो आणि तुम्ही दिसलात. झाडाखालची जागा अशी झाडून काढलेली की घरचं अंगण वाटावं, आणि त्यावर ती पिवळट पांढरी, रसानं फुगलेली फुलं, वरून अजून एखादं टपकन पडत होतं. भाच्यानं जन्मात पहिल्यांदा मोहफूल पाहिलं, तुम्ही त्याच्या हातावर चार ठेवली, तो म्हणाला गोड आहे पण वास कसातरीच आहे, तुम्ही हसलात. मग विचारलंत, "कुठी चालले बाप्पा?" मी वरच्या कड्याकडं बोट दाखवलं. तुमचं हसू गेलं. "तिकून नोका जाऊ. कड्याले आग्या बसला हाय. पलीकडून वाट हाय, लांब पडते, पण बरी हाय." वरून वहिनीकडं पाहून नाकाला पदर लावलात आणि म्हणालात, सेंट लावून तर बिलकुलच जाऊ नका. सेंट वहिनीचा नव्हता मावशी, माझा होता. सकाळी आंघोळीला कंटाळा केला आणि बगलेत आणि शर्टावर अर्धा डबा स्प्रे मारला होता.

आम्ही हो हो म्हणालो. पुढं वळणावर मी मोबाईल काढला, ॲपमध्ये कोणीतरी चालून टाकलेली वाट होती, सरळ कड्याखालून, वर पोचायला चाळीस मिनिटं. लांबची वाट त्यात नव्हतीच. मी म्हणालो, "गावातल्या बाया जरा जास्तच भेतात." हे वाक्य माझं आहे, मी कोणावर ढकलत नाही.

मोहोळ दिसलं तेव्हा आम्हाला भीती वाटली नाही, उलट भारीच वाटलं. कपारीखाली लोंबणारं, परातीपेक्षा मोठं काळं पोळं, आणि जवळून पाहिलं तर ते पोळं नाही, माशाच माशा, एकावर एक चिकटलेल्या. मधूनच त्यांच्यावरून एक चमक सरकायची, या टोकापासून त्या टोकापर्यंत, वाऱ्यानं गव्हाचं शेत हलते तसं. नंतर वाचलं की गांधीलमाशी वगैरे जवळ आली की त्या अशी लाट काढून तिला हुसकावतात, म्हणजे ते आम्हाला 'चालते व्हा' म्हणणं होतं आणि आम्ही त्याचा व्हिडिओ काढत होतो. काळा टी-शर्ट घातलेल्या दोस्तानं दरीकडं तोंड करून जोरात आवाज दिला, ऐकू येते का परत म्हणून. आवाज परत आला की नाही कोणालाच माहीत नाही.

पहिली मला कानामागं चावली. दुसरी भुवईवर. मग मोजणं संपलं. आग्यामाशीचा काटा अंगात राहतो आणि त्यातून एक वास सुटतो, थोडा पिकल्या केळासारखा, तो वास बाकीच्यांना सांगतो की इथंच या, हेही नंतर कळलं, तेव्हा एवढंच कळत होतं की जितके हात झाडावे तितक्या जास्त येऊन राहिल्या. आम्ही त्या दगडातून कसे खाली आलो देव जाणे, भाच्याचा चष्मा गेला, माझी बाटली गेली, दोस्त बसूनच घसरला.

आणि खाली तुम्ही ओरडत होतात. "हात नोका हालवू! इकडे झुडपात घुसा! डोक्शे झाका!"

मावशी, माणूस अशा वेळी पळून जातो. तुमच्याजवळ नातू होता, तुम्ही पळायला पाहिजे होतं. तुम्ही त्याला आधी लांब पिटाळलंत आणि फुलं भरायला आणलेली रिकामी पोती घेऊन आमच्याकडं आलात. वहिनीच्या डोक्यावर एक, भाच्याच्या डोक्यावर एक, माझ्या डोक्यावर एक, आणि आम्हाला मानेला धरून त्या पळसाच्या दाट झुडपात खाली दाबलंत, लेकरांना दाबतात तसं. तुमच्या स्वतःच्या डोक्यावर नुसता पदर होता.

त्या पोत्याच्या आत मी किती वेळ होतो सांगता येत नाही. पाच मिनिटं असतील, पंधरा असतील. आत आंबूस गोड वास, मोहाचा, ओलसर, आणि मला मूर्खासारखी एकच काळजी की या गोड वासानं त्या अजून येणार. तागाच्या विणीतून उजेडाचे बारीक बारीक चौकोन दिसत होते आणि त्या चौकोनांवरून पाय चालत होते. घूं घूं आवाज कानाला लागून. एक माशी विणीतून डोकं घालायला पाहत होती, माझ्या डोळ्यापासून बोटभर अंतरावर, आणि बाहेर तुम्ही हळू आवाजात बोलत होतात, आमच्याशी नाही, त्यांच्याशी. "जा न बाप्पा, जा आता, झालं न तुमचं." मी ते कोणाला सांगितलं तर लोक हसतात. मी तेव्हा हललो नाही ते त्या आवाजामुळं.

मग तुम्ही काटे काढले. मी चिमटीत धरून उपटत होतो तर हातावर फटका मारलात. "दाबू नोको, इख आत जाते." आणि विळ्याच्या बोथट बाजूनं खरवडून खरवडून, भराभर, आधी भाच्याची मान, मग चेहरा. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, खरवडून काढा की उपटून काढा, लवकर निघणं महत्त्वाचं, कारण काटा तुटल्यावरही त्याची पिशवी विष सोडत राहते. लवकर तर तुम्हीच काढले. आमच्या बॅगेत फर्स्ट एडची पेटी होती, पट्ट्या, कात्री, मलम, सगळं. ती उघडलीच नाही कोणी.

पण खरे आभार मानायचे ते पुढच्या गोष्टीचे.

सगळ्यात जास्त चावलेला दोस्तच होता, काळ्या टी-शर्टवाला, तो विव्हळत होता, शिव्या देत होता, आम्ही सगळे त्याच्याभोवती. भाचा बाजूला गप बसलेला, मी विचारलं तर म्हणाला, मी ठीक आहे मामा. तुम्ही तिकडून एकदम वळलात. "हा बोलला थो कोण?" मी म्हणालो भाचा. "ह्याचा आवाज बसला. पयले ह्याले न्या. थो बोंबलते त्याले काई होत नाई, त्याच्यात दम हाय." आणि जवळ जाऊन त्याचे ओठ पाहिलेत, ते सुजायला लागले होते, चष्मा नसल्यामुळं त्याचा चेहरा तसाही वेगळा वाटत होता, मला काहीच दिसलं नव्हतं. काटे काढता काढताच तुम्ही म्हणालात, माह्या दिराचं असंच झालं, पयले आवाज बसला, मंग श्वास. एवढंच. पुढं काय झालं ते मी विचारलं नाही, तुम्हीही सांगितलं नाही.

१०८ ला फोन लावत होतो, रेंज नाही. तुमचा नातू धावत डांबरी रस्त्यावर गेला आणि कोणाची तरी बाईक थांबवून घेऊन आला, त्या भाऊचेही आभार, ते दुधाचे कॅन उतरवून तिथंच ठेवून आले होते. भाचा मधे, मी मागं. बसता बसता तुम्ही माझ्या हातात पोतं कोंबलंत, रस्त्यात अजून माशा आल्या तर म्हणून. रामटेकला सरकारी दवाखान्यात पोचेपर्यंत पोराला श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज यायला लागला होता. आत नेल्या नेल्या मांडीत इंजेक्शन दिलं, ॲड्रेनॅलिन, मग ऑक्सिजन, सलाईन. अर्ध्या तासानं त्याचा आवाज त्याचा वाटायला लागला. डॉक्टरांनी पहिला प्रश्न हाच केला की आवाज बदलला हे कोणाच्या लक्षात आलं. मी म्हणालो, माझ्या नाही.

त्याच्या अंगावर फक्त नऊ काटे निघाले होते. दोस्ताच्या अंगावर एकतीस, आणि तो दुसऱ्या दिवशी घरी, किडनीला काही झालं नाही ना म्हणून तपासण्या करून. म्हणजे नुसतं किती चावल्या यावर नसतं, कोणाला चावल्या यावरही असतं, आणि ॲलर्जी आहे हे त्या पोराला एकोणीस वर्षांत माहीत नव्हतं. माझी बहीण तुम्हाला भेटायचं म्हणते. तिनं साडी घेऊन ठेवली आहे, हिरवीच.

दोन आठवड्यांनी मी आलो होतो मावशी, एकटाच, स्प्रे न मारता. झाडाखाली कोणी नव्हतं, मोहाचा बहर ओसरला होता, लाल कोवळी पानं आली होती. एक म्हातारबुवा गाई घेऊन चालले होते, त्यांना विचारलं. ते म्हणाले, हां, ते माशावाले तुमीच का, आणि बराच वेळ हसले. तुम्ही लेकीकडं गेल्या आहात एवढं कळलं. आणि त्यांनीच सांगितलं की त्या दिवशी आमच्या गडबडीत तुमचं भरलेलं टोपलं तसंच राहिलं, अर्धं शेळीनं खाल्लं आणि अर्धं माकडांनी. पहाटे अंधारात येऊन, कंबर वाकवून एक एक फूल वेचलेलं. आम्हाला कोणालाच ते सुचलं नव्हतं. दवाखान्यातून तुम्हाला निरोप पाठवावा, टोपल्याचं काय झालं विचारावं, पैसे सोडा, साधं विचारावं, तेही नाही.

लांबच्या वाटेनं चढलो मग. तुम्ही म्हणाल्या तशीच आहे, पळसातून जाते, मधे एक सपाट खडक आहे तिथून अंबाळा तलाव पूर्ण दिसतो, चारी बाजूच्या टेकड्यांत ठेवलेल्या वाटीसारखा. वर पोचायला एक तास दहा मिनिटं लागली. म्हणजे अर्ध्या तासाचा फरक. ॲपमध्ये मी ती वाट टाकली, कड्याखालच्या वाटेवर 'आग्या मोहोळ, इथून जाऊ नये' असं मराठीत लिहिलं. वाटेला नाव द्यायला सांगत होतं, मी 'मावशीची वाट' लिहिलं. विचारल्याशिवाय लिहिलं, चालत नसेल तर काढून टाकतो.

पोतं माझ्याकडंच आहे. बायको धुवायला निघाली होती, मी नाही म्हणालो, अजून वास आहे त्याला. पावसाळ्याच्या आधी एका रविवारी घेऊन येतो, सोबत बहीण येईल, भाचा येईल, दोस्तही येतो म्हणतो, पांढरा शर्ट घालून. टोपल्याचं काय ते तुम्ही सांगाल तसं. शेळीचं मात्र मी काही देणं लागत नाही, तिनं तिचं खाऊन घेतलं.

तुमचा,
कानामागं सुजलेला, सेंटवाला