रक्तपेढीतल्या दादांना

दादा,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. परवा शेजारच्या आजींसाठी रक्ताची पिशवी न्यायला आले आणि फॉर्म भरता भरता खिडकीशीच रडू फुटलं, ती मी.

एप्रिल २०२१ मध्ये याच खिडकीशी मी कोविड झालेल्या बाबांसाठी प्लाझ्मा, म्हणजे कोविडमधून बऱ्या झालेल्यांच्या रक्तातला द्रव भाग, मागत होते. बाबा एबी पॉझिटिव्ह. 'मला कुणाचंही रक्त चालतं' म्हणून मिरवायचे. प्लाझ्माचं मात्र नेमकं उलटं, एबीला एबीचाच लागतो. कोविडमधून बरा होऊन महिना उलटलेला एबी दाता काही मिळेना. घरी आईही तापाने फणफणलेली, म्हणून शोध सोडून मी तिच्याकडे गेले. बाबा गेले. नंतर काका म्हणाले, 'आम्हाला कळवायचं होतंस, डोनर उभा केला असता.' कळवलं होतं. फोन उचलला नव्हता. तरी ते वाक्य रुतलं ते रुतलंच.

सगळे म्हणायचे, स्वतःला माफ कर. समुपदेशकांनीही तेच सांगितलं, फी घेऊन. मुळात गुन्हा घडलाय का, हे बघायची तसदी कुणी घेतली नाही.

तुम्ही घेतलीत. हातमोजे काढलेत, खिडकीमागून बाहेर आलात आणि त्या डुगडुगणाऱ्या बाकावर माझ्या शेजारी बसलात. मागे लोक ताटकळलेले, आत फोन वाजत होता. 'ताई, बाबा कधी गेले?' एवढंच विचारलंत आणि मग सांगितलंत: आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर प्लाझ्मा तपासला होता, मृत्यू कमी झाले नव्हते. ते निष्कर्ष ऑक्टोबर २०२० मध्येच छापून आले होते. १७ मे २०२१ ला प्लाझ्मा उपचारांच्या यादीतूनच काढला. मग थोडं थांबून म्हणालात, 'ज्यांना मी स्वतः पिशव्या दिल्या, त्यांच्यातलेही खूप जण गेले.'

हे बोलताना तुमचाही आवाज चिरकला. तेव्हा कळलं, ते दिवस तुमच्याही मानेवर बसलेत. स्वतःचं दुखणं बाजूला ठेवून परक्या बाईशेजारी बसणारी माणसं अजून आहेत. त्यांना ना बढती मिळते, ना कुणी शाल-श्रीफळ देतं.

बाबांची आठवण येतेच, पण आता नुसती आठवण येते. आई तेव्हा वाचली, हेही परवा पहिल्यांदाच मोजलं.

मनापासून आभार, दादा. हे पत्र घरच्या ग्रुपवरही टाकतेय. काका मेसेज वाचतात, फोन तेवढा उचलत नाहीत.

तुमची,
एबी पॉझिटिव्हवाल्यांची मुलगी