वाटा नावाचा की कसणाऱ्याचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे महिन्यात चाकरमानी गावी आले की आमच्याकडे ओसरीवर एक विषय हमखास निघतो, सामाईक कलमांचा. पणजोबांनी लावलेली हापूसची कलमं, सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावं, त्यातली निम्मी मुंबईला, काही तर हयातही नाहीत. कागदावर सगळेच धनी. पण पावसानंतर बेणणी, म्हणजे कलमांखालचं गवत-झुडपं काढणं, कोण करतो, मोहोरावर तुडतुडे आले की फवारणीची नळी घेऊन कोण फिरतो, वानरांमागे कोण धावतो, याला सातबाऱ्यावर रकाना नाही. गावात राहिलेला एखादा भाऊ हे सगळं करतो, औषधाची उधारी त्याच्याच नावावर चढते, आणि पेट्या भरायच्या वेळी विचारणा होते, ‘आमचो वाटो खंय?’

मुंबईकरांचीही बाजू आहे. आंबा त्यांना बाजारातही मिळतो. गावच्या कलमाची पेटी घरी आली की घरावरचा हक्क शाबूत असल्याची खात्री पटते, म्हणून ती हवी असते. कसणाऱ्याच्या हिशेबात मात्र त्याच पेटीतून खत आणि राखणीच्या गुरख्याचा पगार सुटायचा असतो. दोघेही खरे, म्हणूनच भांडण मिटत नाही.

बहिणींचं तर कोणी नावच काढत नाही. वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना समान हक्क महाराष्ट्रात 1994 ला आणि देशभर 2005 ला मिळाला. तरी हक्कसोडपत्रावर सही करणारी बहीण गुणाची आणि वाटा मागणारी माहेर तोडणारी, हे आमच्याकडे अजून चालतं. सहीच्या बदल्यात तिला दरवर्षी एक पेटी, तीही भावजयीची मर्जी असेल तर.

किनाऱ्यावर रापणीचा न्याय बघा. होडीने जाळं अर्धगोल टाकून येतात आणि दोन्ही टोकांचे दोर वाळूत उभी राहिलेली माणसं ओढतात. मासळीची वाटणी होताना होडी-जाळ्याचा वाटा वेगळा, ओढणाऱ्यांचा वेगळा. आयत्या वेळी दोराला हात लावणाऱ्याच्या पिशवीतही चार बांगडे पडतात. होडीवाल्याची मालकी कोणी नाकारत नाही, पण घामाचा वाटा कोणाच्या मेहेरबानीवर नसतो.

हाच हिशेब कलमांना का लावू नये? आधी खर्च वजा करावा, मग कसणाऱ्याची मेहनत, आणि उरेल ते नावांप्रमाणे, बहिणींसकट. रीतसर वाटप करायचं तर जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडे जाता येतं, पण त्यालाही सगळ्यांची संमती लागते आणि तिथेच गाडी अडते. फळबाग लागवडीच्या अनुदानालाही सहहिस्सेदारांचं संमतिपत्र मागतात. एका सहीसाठी भाऊ डोंबिवली-विरारच्या खेपा घालत बसतो. निदान ती सही तरी गणपतीला सगळे घरी जमतात तेव्हाच करून द्यावी.

आमच्या घरात गेल्या हंगामापासून असा हिशेब वहीत मांडून सगळ्यांना वाचून दाखवतो. एक काका अजून रागावलेले आहेत. पेटी मात्र नेतात.

आपला,
एक बागायतदार, ता. देवगड