डिकी घरूनच भरून निघा

प्रिय आई-बाबा,

सा. न. वि. वि. ट्रिपला सामान चोरीला जाऊ नये म्हणून काय करायचं, हा विषय फोनवर काढला की बाबा "हो गं, बघू" म्हणतात आणि फोन आईकडे सरकतो, म्हणून सरळ लिहूनच पाठवतेय. दोघांनी एकत्र बसून वाचा, आणि नुसता अंगठा पाठवून मोकळे होऊ नका.

काजव्यांना भंडारदऱ्याला चाललाय, दोन रात्री तंबूत राहणार, मधल्या दिवशी शेजारच्या काका-काकूंबरोबर पायथ्याच्या बारी गावाला जाऊन कळसूबाई जमेल तेवढं चढणार, हे ऐकून इतकं भारी वाटलं की ऑफिसमध्ये चार जणांना सांगून झालं. पण आई म्हणाली की दुर्बीण, कॅमेरा, पैशाचं पाकीट सगळं गाडीतच ठेवायचं असं बाबांनी ठरवलंय, कारण तंबूला काय नुसती चेन, गाडीला कसं लॉक असतं. बाबा, हे बरोब्बर उलटं आहे. तंबूत रात्री तुम्ही स्वतः असता, आजूबाजूला वीस तंबू, कुणाला तरी झोप नसते, कुणीतरी बाथरूमला उठलेलं असतं, कुत्री भुंकतात, तिथे येऊन चेन उघडून हात घालायला चोराला काय पडलीय. गाडी मात्र भर दिवसा पाच-सहा तास एकटी उभी असते आणि पार्किंगमधल्या प्रत्येकाला माहीत असतं की हे लोक वर गेलेत, दुपारशिवाय खाली येत नाहीत.

आणि लॉकचं म्हणाल तर लॉक दाराला असतं, काचेला नसतं. पुढची मोठी काच दोन थरांची असते, मध्ये प्लास्टिकचा पापुद्रा असतो, ती फुटली तरी जागेवर राहते. साइडच्या काचा तशा नसतात, एका टोकदार फटक्यात सगळी काच दाणे दाणे होऊन खाली, आणि आवाजसुद्धा फार होत नाही. मागच्या पावसाळ्यात पुण्याजवळच्या एका किल्ल्याच्या पायथ्याला आमच्या शेजारी लावलेल्या गाडीच्या मागच्या दाराची काच अशीच फोडली होती. सीटवर खडीसाखर सांडल्यासारखे दाणे, पार सीटबेल्टच्या फटीत गेलेले, आणि आतून काय गेलं होतं माहितीये का, एक बॅग. बॅगेत ओले कपडे, एक टॉवेल आणि रिकामा डबा. ती मुलगी आधी रडली मग हसायला लागली, आणि तिचा नवरा दाराचं काचेचं बटण दाबत बसला तर आतून करकर आवाज यायला लागला कारण अर्धे दाणे दाराच्या पोटात पडलेले असतात, तेव्हा असं कधी झालं तर ते बटण दाबू नका, आधी गॅरेजवाल्याला दार उघडून साफ करू दे. सांगायचा मुद्दा हा की बॅगेत काय आहे हे चोराला बाहेरून कळत नाही, त्याला बॅग दिसते. म्हणजे "त्यात काही नाहीये गं" याला काही अर्थ नाही. सीटवर काहीच दिसता कामा नये, पिशवी नाही, जॅकेट नाही, चार्जरची वायर लोंबकळत नाही. चादर टाकून झाकू पण नका, चादरीखाली काहीतरी आहे एवढं तर लांबून कळतं.

मग सामान डिकीत. पण डिकी भरायची कुठे, तर घरी. बाबांचं कसं असतं, पार्किंगला पोचले की आधी डिकी उघडी, मग बूट काढायचे, बूट घालायचे, दुर्बीण गळ्यात घालून बघायची, शेजारच्या गाडीवाल्याला पण दाखवायची, मग परत डब्यात, मग डबा डिकीत, आणि "चला निघू". अहो तुम्ही अख्ख्या मैदानाला प्रदर्शन भरवून दाखवलंत की काय कुठे आहे! नाशिकहून निघतानाच जे गाडीत राहणार ते डिकीत तळाला आणि वर तो डिकी झाकायचा काळा ट्रे लावून टाका, जे वर न्यायचं ते सॅकमध्ये, आणि बूट बदलणं वगैरे घोटीला चहाला थांबाल तिथे उरका. बारीला पोचल्यावर फक्त उतरायचं, सॅक पाठीला, दार बंद, चालायला लागा. आणि आपली वॅगनआर आहे हे विसरू नका, तिची डिकी म्हणजे वेगळी पेटी नाही, मागची सीट पाडली की हात आत, म्हणजे डिकीत वस्तू लपते, कुलपात राहत नाही. त्यामुळे दुर्बीण आणि कॅमेरा दोन्ही अंगावरच. जड होतं म्हणता तर कॅमेरा घरी ठेवा, काजव्यांचे फोटो तसेही येत नाहीत तुमच्या कॅमेऱ्यात :)

चावीचं. बाबा, चाकावर चावी ठेवायची ती ट्रिक बंद. जो आधी खाली येईल त्याने गाडी उघडावी म्हणून ठेवता ते कळतं मला, पण चाकावर हात फिरवून बघणं ही चोराची पहिली गोष्ट असते. दोन चाव्या आहेत ना, एक आईकडे, एक तुमच्याकडे, चेन असलेल्या खिशात. रिमोट दाबल्यावर नुसता आवाज ऐकून वळू नका, हँडल ओढून बघा.

गाडी कुठे लावायची याचं मला विचाराल तर रस्त्याच्या कडेला झाडाखाली सावली बघून लावण्यापेक्षा गावात कुणाच्या तरी अंगणात लावा. चाळीस-पन्नास रुपये घेतात, घेऊ दे. तिथेच खाली आल्यावर जेवायचं सांगून ठेवा, पिठलं-भाकरी, म्हणजे ती ताई दिवसभर येता-जाता गाडीकडे बघणार कारण तुम्ही तिचं गिऱ्हाईक आहात, याच्यापुढे कसलाही अलार्म चालत नाही. फक्त आई, एक रिक्वेस्ट, तिथे जाऊन "इथे चोऱ्या होतात का हो" असं तोंडावर विचारू नकोस. गावातल्या लोकांचं पोट ट्रेकर्सवर आहे, चोरी झाली तर सगळ्यात जास्त नुकसान त्यांचंच होतं. शहरातून येणारे लोक उगाच गाववाल्यांकडे संशयाने बघतात ते मला अजिबात आवडत नाही.

रस्त्यातली एक भानगड बाबांना नक्की माहीत पाहिजे कारण बाबा पडले मदतीला धावणारे. सिग्नलला नाहीतर पार्किंगमधून निघताना कुणीतरी बाइकवरून येऊन सांगतो, काका ऑइल गळतंय, काका टायर बसलाय, नाहीतर काका तुमचे पैसे पडले बघा, आणि खाली खरंच दहाच्या नोटा पडलेल्या असतात. काका उतरून वाकले की दुसऱ्या बाजूचं दार उघडून बॅग गायब. पुण्या-मुंबईत हे कितीदा पेपरात आलंय. तेव्हा असं कुणी सांगितलं तर थँक यू म्हणायचं, काच वर, दारं लॉक, आणि पुढच्या पेट्रोल पंपावर जाऊन बघायचं. टायर खरंच बसला असेल तर तो एक किलोमीटर हळू चालवल्याने फार तर टायर जाईल. जाऊ दे.

आता तंबू. चेनला छोटं कुलूप लावू नका, कुलूप लावलं की आत काहीतरी आहे असं कळतं आणि कापड कापायला किती वेळ लागतो. तिथे खरा त्रास माणसांचा कमी आणि कुत्र्यांचा जास्त, बाहेर काढून ठेवलेला बूट सकाळी दोन शेतं पलीकडे सापडतो, तोही एकच. बूट प्लास्टिकच्या पिशवीत घालून आत पायाशी. दिवसा माकडं येतात, खाऊची पिशवी तंबूत ठेवून फिरायला गेलात तर कापड फाडून नेतील, खाऊ कँपवाल्याच्या स्वयंपाकघरात ठेवायला द्या. रात्री काजवे बघायला जाताना सगळा कँप अंधारात असतो, असलाच पाहिजे, पांढऱ्या टॉर्चने काजवे बिचारे गोंधळतात, आईने टॉर्चला लाल जिलेटीन कागद लावावा. पण त्याच अंधारात लोक खुर्चीवर पाकीट, चटईवर पॉवर बँक असं टाकून जातात आणि मग परत येऊन शोधत बसतात. उठलात की खुर्ची चाचपायची.

आणि बऱ्याचदा ती चोरी नसतेच. क्वेचुआ कंपनीची तीच छोटी निळी सॅक, तीच काठी, निम्म्या कँपकडे सेम असते, पहाटे घाईत कुणीतरी तुमची उचलून निघून जातं आणि त्यालाही घरी गेल्यावर कळतं. आई, तुझ्याकडे ती जुनी भगवी-हिरवी लेस आहे ना साडीची, सगळ्या सॅकच्या हँडलला चार टाके घालून टाक, काठ्यांना लाल इन्सुलेशन टेप, आणि बॅगेच्या आत कागदावर माझा नंबर. घरचा पत्ता लिहू नका.

पत्त्यावरून आठवलं, हे सगळ्यात महत्त्वाचं आणि कुणाच्या डोक्यातच येत नाही. आपल्या गाडीच्या पुढच्या कप्प्यात आरसी आणि इन्शुरन्सची झेरॉक्स असते, त्यावर घरचा पूर्ण पत्ता, आणि त्याच कप्प्यात बाबा घराच्या चाव्यांचा जुडगा टाकतात. म्हणजे काच फोडणाऱ्याला घर कुठे आहे, चावी कुठली आणि मालक दोन दिवस नाहीत, तिन्ही एका ठिकाणी मिळालं. आरसी, लायसन्स डिजीलॉकरमध्ये मी टाकून दिलंय, पोलिसांना तेच दाखवलं तरी चालतं, कागद घरी ठेवा, घराची चावी आईच्या कमरेच्या पाऊचमध्ये. बीपीच्या गोळ्या पण त्याच पाऊचमध्ये, गाडीत नको, मे-जूनच्या उन्हात बंद गाडीत त्या भाजून निघतात. आणि बाबा, स्टेटस परत आल्यावर टाका ना, "निघालो काजव्यांच्या गावा" असं सगळ्या सोसायटीला आणि दूधवाल्याला कशाला कळवायचं. आई, मोठं मंगळसूत्र घरी. वाद नको.

फोनचं नीट ऐका. कँपवर एकाच बोर्डाला पंधरा फोन लटकलेले असतात, तिथे रात्रभर लावून झोपू नका, पॉवर बँक दिलीय मी. फोन गेला तर फोनचं दुःख नाही, त्यात बँक आहे. आत्ताच दोघांच्या फोनवर *#०६# दाबा, पंधरा आकडी नंबर येईल, तो फोनचा ओळख नंबर (आयएमईआय), तो डायरीत लिहा. गेलाच तर कुणाच्याही फोनवरून आधी मला फोन, मी सिम आणि यूपीआय बंद करायच्या मागे लागते, मग पोलीस तक्रार, आणि त्या तक्रारीची कॉपी जोडून सीईआयआर या सरकारी साइटवर फोनच ब्लॉक करता येतो, म्हणजे दुसरं सिम घातलं तरी तो चालत नाही. खात्यातून पैसे गेलेले दिसले तर लगेच १९३० ला फोन, ती सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे.

गाडी फुटलीच तर काही हलवू नका, आधी फोटो काढा, आतून बाहेरून, आणि ११२ ला फोन करा. पोलिसांकडे गेल्यावर बऱ्याचदा "वस्तू गहाळ झाली असा अर्ज द्या" असं सुचवतात, त्याला हो म्हणू नका. काच फोडून नेलंय, गहाळ कसलं. एफआयआर कुठल्याही ठाण्यात देता येतो, घरी आल्यावर नाशिकला दिलात तरी ते तिकडे पाठवतात, आणि त्याची कॉपी फुकट मिळते. नवीन भारतीय न्याय संहितेत, म्हणजे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या, राहत्या घरातल्या चोरीच्या कलमात, ३०५ मध्ये, तंबू असा स्पष्ट शब्द आहे. जुन्या दंड संहितेच्या कलम ३८० मध्ये पण होता. म्हणजे कायद्याने तंबूतली चोरी ही घरातल्या चोरीइतकीच, सात वर्षांपर्यंत शिक्षा. बाबांना हे आवडेल म्हणून सांगितलं, तिथे काकांना ऐकवायला.

इन्शुरन्समध्ये काच मिळते आणि काच जुनी झाली म्हणून पैसे (घसारा) कापत नाहीत, पण पहिले हजार रुपये आपले जातात आणि नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याची सूट, जातो, तेव्हा एका साइडच्या काचेसाठी क्लेम करायच्या आधी हिशोब करू. गाडीतल्या सामानाचे मात्र साध्या पॉलिसीत एक रुपयाही मिळत नाहीत, त्याला वेगळं कव्हर लागतं, ते आपण घेतलेलं नाही.

आणि कुणी बॅग घेऊन पळताना दिसला तर त्याच्या मागे जायचं नाही. बाबा, हे तुम्हाला. तुमचा गुडघा, तो अंधार, ते दगड. दुर्बीण मी दुसरी घेऊन देईन. ओरडा, माणसं गोळा करा, गाडीचा नंबर दिसला तर बघा, बस्स.

दुर्बिणीच्या पोटावर बारीक अक्षरात एक नंबर आहे, भिंग लावून बघा, त्याचा आणि बिलाचा फोटो आज संध्याकाळपर्यंत मला पाठवा. लेस सापडली नाही तर माझ्या कपाटात खालच्या खणात लाल रिबन आहे, ती घे आई. आणि कँपवाल्याला विचारून घ्या गाद्या देतो का, स्लीपिंग बॅग नुसत्या जमिनीवर टाकलीत तर सकाळी दोघांची कंबर धरेल.

तुमची,
मनू